रांगती नात आणि गुरगुरणारा मोती

प्रश्न : आमचा मोती तसा गरीब. पण नात रांगत जवळ गेली की गुरगुरतो. काय करावं?
– एक आजी, बालाघाट

उत्तर : आजी, गुरगुरण्यावरून मोतीला रागावू नका. ती त्याची सूचना आहे. ती दाबलीत, तर पुढच्या वेळी न सांगताच चावेल. खरं तर त्याआधीच तो तोंड फिरवतो, ओठ चाटतो, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतो. तेव्हाच नातीला उचला. त्याचं जेवण आणि झोपायची जागा तिच्या वाटेबाहेर ठेवा. दूध उतू जात असलं तरी दोघांना एकटं सोडू नका. जाऊ द्या उतू! ओरखडा उठलाच, तर हळद-चुना नको. साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठा, मोतीला लस दिलेली असली तरी.