देव मला नावाने ओळखतो
(लहान मुलांना देवाच्या प्रेमाची ओळख कशी करून द्यावी?)



दर वर्षी जूनमध्ये शाळा उघडल्या की रविवारच्या मिस्सानंतर धर्मशिक्षणाचे वर्गही सुरू होतात. छत्र्या आणि रेनकोट व्हरांड्यात टाकून मुले ओल्या पायांनी बाकांवर येऊन बसतात. पहिली-दुसरीच्या मुलांचा पहिला धडा ठरलेला असतो : देव माझ्यावर प्रेम करतो, तो मला सांभाळतो. वाचायला हा धडा अगदी सोपा आहे. शिकवायला बसल्यावर मात्र तो किती अवघड आहे हे आम्हा शिक्षकांना एका पावसाळ्यात कळून आले.

३० जून २०२४ रोजी, रविवारीच, भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुलेही होती. ते दृश्य मोबाईलवरून घरोघरी पोहोचले आणि आपल्या मुलांनीही ते पाहिले. पुढच्या रविवारी वर्गात एका चिमुरडीने विचारले, "टीचर, देव सगळ्यांना सांभाळतो ना? मग त्या मुलांना का नाही सांभाळलं?" आमच्यातील एका शिक्षिकेने तिला धीर द्यावा म्हणून घाईघाईने उत्तर दिले, "देवाला ती मुलं फार आवडली, म्हणून त्याने त्यांना आपल्याकडे नेलं." मुलगी गप्प बसली. काही दिवसांनी तिच्या आईने सांगितले की ती रात्रीची प्रार्थना म्हणायला तयार नाही. का, म्हणून विचारले तर म्हणाली, "मी देवाला आवडले तर तो मलापण नेईल."

आम्ही प्रेमाचा धडा शिकवायला गेलो आणि एका लेकराच्या मनात देवाची भीती घालून आलो. त्यानंतर आम्ही सर्व शिक्षक एकत्र बसलो, पवित्र शास्त्र उघडले आणि विचार केला. त्यातून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवत आहोत. कारण आमच्याकडे मूल आठवड्यातून एक तास असते, बाकीचा सर्व वेळ ते आपल्याजवळ असते. आईवडील हेच मुलांचे पहिले धर्मशिक्षक, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ साली शिक्षणावरील घोषणापत्रात स्पष्ट सांगितले आहे.

१. आधी नाव, मग नियम

आपण बाळाला स्नानसंस्कारासाठी देवळात नेतो, तेव्हा फादर सर्वप्रथम काय विचारतात? बाळाचे नाव. मग त्याच्या कपाळावर क्रुसाची खूण करतात. म्हणजे ख्रिस्तसभेत मुलाचा प्रवेशच नावाने होतो. यशया संदेष्ट्याच्या ४३ व्या अध्यायात देव आपल्या लोकांना हेच सांगतो की, मी तुला तुझ्या नावाने बोलावले आहे, तू माझा आहेस. ४९ व्या अध्यायात तर तो आईचे उदाहरण देतो. एक वेळ आई आपल्या तान्ह्याला विसरेल, पण मी विसरणार नाही. प्रभू येशूने सांगितले की आपल्या डोक्यावरचे केसदेखील मोजलेले आहेत (लूक १२:७).

'देव सर्वांवर प्रेम करतो' हे वाक्य मोठ्यांना पुरते. पाच वर्षांच्या मुलाला 'सर्व' म्हणजे कोण ते कळत नाही. त्याला 'मी' कळतो. म्हणून मुलाचे नाव घेऊन सांगा की, देव तुला ओळखतो, तुझा आवाज ओळखतो, तुला अंधाराची भीती वाटते हेही त्याला ठाऊक आहे. दहा आज्ञा, पाप, पापनिवेदन हे सर्व शिकवायचेच आहे, पण त्याला क्रम आहे. जो आपल्यावर प्रेम करतो हे मुलाला पटले आहे, त्याचेच ऐकावे असे त्याला वाटते.

२. मेंढपाळ आपल्या दारावरून जातो

गोष्टीतून शिकवणे ही आपली जुनी परंपरा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. त्याच्या आरंभीच असा प्रसंग येतो की, साष्टीत रविवारी मुलांना ख्रिस्ती शिकवण दिली जात असताना एक जण पाद्रींना विनंती करतो : ही शिकवण चांगली आहे, पण जुन्या पुराणांच्या जागी आम्हाला दुसरे काहीतरी द्या. नुसत्या प्रश्नोत्तरांनी मन भरत नाही, हे चारशे वर्षांपूर्वीही लोकांना जाणवले होते.

रोममध्ये सोफिया काव्हालेत्ती या बायबलच्या अभ्यासक बाईंनी १९५४ पासून लहान मुलांना धर्मशिक्षण देण्याचे काम सुरू केले. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीचा त्यांनी आधार घेतला होता. माँटेसरीबाई १९३९ साली भारतात आल्या होत्या आणि महायुद्धाच्या काळात येथेच राहिल्या, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. काव्हालेत्ती यांना असे दिसून आले की, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना उत्तम मेंढपाळाची गोष्ट सर्वांत जास्त भावते. मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, त्यांच्यापुढे चालतो, एवढे ऐकूनच मुले आनंदित होतात. या वयात मुलाला उपदेशापेक्षा 'मी सुरक्षित आहे' याची खात्री हवी असते. हरवलेल्या मेंढराची व क्षमेची गोष्ट त्याहून थोड्या मोठ्या मुलांना अधिक भिडते.

आपण मावळात राहणारे या बाबतीत भाग्यवान आहोत. शहरातल्या मुलांना मेंढपाळ चित्रात दाखवावा लागतो. पाऊस सरला, भातकापणी झाली की धनगर बांधव मेंढरे घेऊन आपल्या रस्त्यांवरून जाताना दिसतात. मोकळ्या शेतात मेंढरे बसवतात, रात्री भोवती वाघर लावतात आणि जवळच पथारी टाकतात. कुत्रे राखणीला असतात. पुढच्या वेळी असा कळप दिसला तर गाडी बाजूला घ्या व मुलांना दाखवा. धनगरबाबांना नमस्कार करून विचारा, "बाबा, तुमची मेंढरं तुम्ही कशी ओळखता?" त्यांचे उत्तर मुलांना ऐकू द्या. घरी आल्यावर योहानाच्या शुभवर्तमानाचा १० वा अध्याय वाचा. येशू स्वतःला मेंढपाळ म्हणतो आणि मेंढवाड्याचे दारही म्हणतो, याचा अर्थ मुले तुम्हाला सांगतील.

३. देवाचा बागुलबुवा करू नका

"जेवला नाहीस तर देव रागावेल." "खोटं बोललीस ना, म्हणून पडलीस. देवाने शिक्षा केली." ही वाक्ये आपल्या सर्वांच्या तोंडी येतात. मूल तेवढ्यापुरते ऐकते, पण त्याच्या मनात देवाचे जे चित्र उमटते ते छडी घेतलेल्या पोलिसाचे असते. शिष्य मुलांना हटकत होते तेव्हा येशू मुलांवर नव्हे, शिष्यांवर रागावला आणि त्याने मुलांना कवेत घेऊन आशीर्वाद दिला (मार्क १०:१३-१६). मूल चुकले तर आपण आईबाप म्हणून जरूर समज द्यावी. आपला राग देवाच्या नावावर खपवू नये.

४. 'सांभाळतो' म्हणजे काय?

आता त्या चिमुरडीच्या प्रश्नाकडे येऊ. देव सांभाळतो म्हणजे आपल्याला कधीच काही होणार नाही, असे पवित्र शास्त्र कोठेही सांगत नाही. स्तोत्र ९१ मध्ये देवदूत आपले रक्षण करतील असे वचन आहे. पण तेच वचन सांगून सैतान येशूला मंदिराच्या शिखरावरून उडी टाकायला सुचवतो आणि येशू नकार देतो. देवाची परीक्षा पाहायची नसते (मत्तय ४:५-७). आपल्या मुलांना हे आवर्जून सांगा. २ ऑक्टोबरला आपण रक्षक देवदूतांचा सण पाळतो, म्हणून पावसाळ्यात धबधब्याच्या प्रवाहात उतरावे असे नाही. धोक्याची पाटी वाचून मागे फिरणे, मोठ्यांचा हात धरणे, हेही देवाच्या रक्षणात राहणेच आहे.

आणि तरीही दुःख येते. १५ जून २०२५ रोजी आपल्याच तालुक्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील पूल कोसळला आणि चार जणांचा मृत्यू झाला. अशा वेळी 'देवाने नेले' असे मुलांना सांगू नका. देव कोणाला नेण्यासाठी पाणी पाठवत नाही. मग काय सांगावे? तीन साध्या गोष्टी सांगाव्यात. हे फार वाईट झाले. देवालाही दुःख झाले, कारण लाजरसाच्या कबरेपाशी येशू स्वतः रडला (योहान ११:३५). आणि जे गेले ते देवाच्या हातात आहेत, त्या हातातून त्यांना कोणी हिसकावू शकत नाही. याहून जास्त मुलाने विचारले, तर "मलाही ठाऊक नाही, आपण देवालाच विचारू" असे म्हणायला लाजू नये.

आमच्या त्या शिक्षिकेने पुढच्या रविवारी मुलीला जवळ घेऊन सांगितले, "बाळा, मी तुला चुकीचं सांगितलं होतं." मग लाजरसाची गोष्ट सांगितली. मुलीने एकच विचारले, "येशू खरंच रडला?" "हो, खरंच." थोड्या वेळाने ती म्हणाली, "मग तो चांगला आहे."

५. देवाचे हात म्हणजे आपले हात

मूल देवाचे प्रेम आधी माणसांच्या हातांतून ओळखते. ज्या घरात मारझोड आहे, दारूचा आरडाओरडा आहे, तेथे 'देव पिता आहे' हा धडा मुलाला कसा समजावा? 'पिता' या शब्दाला अर्थ देणे आपल्या हाती आहे. लहानांपैकी एकालाही अडखळवणाऱ्याविषयी येशूने अत्यंत कठोर शब्द वापरले आहेत (मत्तय १८:६). म्हणून मुलांना हेही सांगा की, कोणीही, अगदी घरातले वा देवळातले मोठे माणूसही, नकोसा स्पर्श करत असेल किंवा 'कोणाला सांगू नकोस' म्हणत असेल, तर लगेच आम्हाला सांग, आम्ही रागावणार नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन क्रमांकही त्यांना पाठ करायला लावा. मुलांचे रक्षण हा आपल्या विश्वासाचाच भाग आहे.

या आठवड्यात घरी करावयाच्या गोष्टी

१. रात्री झोपताना मुलाच्या कपाळावर क्रुसाची खूण करा व त्याचे नाव घेऊन आशीर्वाद द्या. दोन मिनिटे पुरतात.
२. मुलाच्या स्नानसंस्काराची तारीख शोधा. फोटो असतील तर दाखवा आणि त्याचे नाव कोणी, का ठेवले ते सांगा.
३. मुलाला तळहातावर स्वतःचे नाव लिहू द्या आणि यशया ४९:१६ वाचून दाखवा.
४. 'देव शिक्षा करील' हे वाक्य आठवडाभर घरात कोणीही वापरायचे नाही. आजी-आजोबांनाही यात सामील करून घ्या.

मुलांसोबत म्हणावयाची प्रार्थना

हे प्रभू येशू, तू माझा मेंढपाळ आहेस. तुला माझे नाव ठाऊक आहे. मला भीती वाटते तेव्हा तू माझ्याजवळ असतोस. आईबाबांना, आमच्या घराला आणि पावसात बाहेर असणाऱ्या सर्वांना सांभाळ. जी मुले आज रडत आहेत त्यांच्याजवळ बस. आणि मलाही कोणाचा तरी हात धरायला शिकव. आमेन.