चुकीतले शहाणपण

मराठी घरातले लहान मूल 'मी काम करलं' म्हणते, तेव्हा सगळे हसतात. पण 'करलं' हा शब्द त्याला कोणी शिकवला? मोठी माणसे तर 'केलं' म्हणतात! 'भर – भरलं', 'धर – धरलं' असे ऐकून मुलाने मनाशी नियम बांधला आणि तो 'कर'ला लावला.

जीन बर्को या अमेरिकन बाईंचा एक प्रयोग १९५८ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी लहान मुलांना एका काल्पनिक पक्ष्याचे चित्र दाखवले. "हा वग." मग दोन पक्षी दाखवून त्या म्हणाल्या, "आता हे दोन..." बहुतेक मुले म्हणाली, "वग्ज!" इंग्रजीतले ते अनेकवचन बरोबर होते. पण हा शब्द त्यांनी पूर्वी कधीच ऐकला नव्हता.

म्हणजे मूल पोपटपंची करत नाही; ते नियम शोधते. 'केलं' पुन्हा पुन्हा ऐकून ते आपली चूक सुधारते. मुलांनो, तुमची मातृभाषा तुम्ही अशीच शिकलात. म्हणून मराठी बोलताना चुकलात तर लाजू नका. ऐका आणि बोलत राहा.

शब्दार्थ : काल्पनिक – खरा नसलेला. पोपटपंची – न समजता बोलणे.

स्वाध्याय : मूल 'करलं' असे का म्हणते?