डोंगरउतारावरील शेवाळ व गवत

महसुली कारकुनी करीत असतां डोंगरकडेचा दगडाळ भाग आम्ही निःशंकपणें 'पोटखराब' म्हणून लिहीत असूं. सेवानिवृत्तीनंतर छत्रपती संभाजीनगरच्या छावणींत राहून दर पावसाळ्यांत भोंवतालचे डोंगर हिंडलों, तेव्हां त्या शब्दांतील उणीव ध्यानांत आली.

हे डोंगर सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याच्या थरांचे आहेत. कठीण थराखालील मऊ थर झिजला कीं वरचे दगड निखळून उतारावर सांचतात. अशा हलत्या दगडांत बीं सहसा टिकत नाहीं. तेथें प्रथम दगडफूल धरतें. मग फटींत मखमलीसारखें शेवाळ येतें. त्यास खरीं मुळें नसतात. उन्हाळ्यांत तें वाळून काळवंडतें व पहिल्या सरींनीं पुन्हां हिरवें होतें. वाहत आलेली माती त्याच्या गादींत अडकते आणि त्या चिमूटभर मातींत कुसळी रुजते. तिचें कुसळ वाळलें कीं पिळतें, भिजलें कीं पीळ सोडतें. या फिरण्यानेंच बीं फटींत शिरतें. मागून पवन्या व मारवेल येतात आणि त्यांचीं तंतुमुळें दगडगोटे जखडून धरतात.

हा प्रकार सर्वत्र सारखा नसतो. शहराच्या उत्तरेस लेण्यांचा डोंगर; त्याची शहराकडील बाजू दक्षिणाभिमुख आहे. दक्षिणेस साताऱ्याचा डोंगर. त्याची शहराकडील बाजू उत्तराभिमुख. पावसाळा सरतां सूर्य दक्षिणेकडे कलतो. तेव्हां पहिली बाजू तापते, दुसरीवर ऊन तिरपें पडतें व ओल अधिक दिवस राहते. वाचकांनीं दसऱ्याच्या सुमारास दोन्हीकडील माती हातानें चाचपून पाहावी.

यांत शेतकऱ्याचें हित कोणतें? उघड्या उतारावरील पाणी धांवत सुटून मुरूम खालच्या शेतांत आणतें. झांकलेल्या उतारावर तें थबकतें, मुरतें व विहिरीस मिळतें. मलिक अंबरानें 17 व्या शतकाच्या आरंभीं बांधविलेली नहर उत्तरेकडील डोंगरांत मुरलेलेंच पाणी शहरास पुरवीत असे.

म्हणून पहिल्या पावसानंतर महिना-दीड महिना उतारावर गुरें-शेळ्या सोडूं नयेत. वाळलें गवत पेटवूं नये. बांधासाठीं उतारावरील दगड उपसूं नयेत. कुसळी फुलोऱ्यापूर्वीं कापावी, कारण पुढें तिचीं कुसळें मेंढरांच्या तोंडांत रुततात. मात्र कांहीं भाग बियांसाठीं राखावा.

पोटखराब्यावर आकार बसत नाहीं, हें खरें. पण त्याची हेळसांड केल्यास दंड खालच्या शेतास भरावा लागतो.