शेतात हरणं शिरतात म्हणून बंदूक घेताय? आधी खर्च बघा

तुम्ही राहता सुरतच्या गोडादऱ्यात, शेत मात्र अमळनेर, शिरपूर नाहीतर शहाद्याकडे. गावाहून भावाचा फोन येतो: हरणांनी हरभरा खाल्ला, रोह्यांनी कपाशी तुडवली, एखादी बंदूक बघ. शेजारी घरं आहेत, मग किती लांबून झाडली तर चालेल, हेही तो विचारतो.

उत्तर सरळ आहे. हरणावर झाडायला कायद्यात कुठलंच अंतर नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे शिकार बंद आहे. शेत तुमचं असो, पीक तुमचं असो. काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत येतात. गुन्हा सिद्ध झाला तर किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं तुरुंग आणि किमान २५,००० रुपये दंड. रोही आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत. तिथे ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नेम चुकला तरी शिकारीचा प्रयत्न शिकारच धरला जातो. बॅटरी धरणारा आणि गाडी देणारा हेही त्यात अडकतात. गाडी आणि हत्यार जप्त होतं. दोषी ठरलात तर न्यायालय बंदुकीचा परवाना रद्द करू शकतं आणि मग ५ वर्षं नवा मिळत नाही.

पिकाचं नुकसान करणाऱ्या रोही-डुकरांसाठी वनखात्याचा अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला पिकाचं कारण चालत नाही. "साहेबांना सांगून ठेवलंय" ही परवानगी नव्हे. कागद हातात येईपर्यंत बंदूक बाहेर काढू देऊ नका.

आता घरांचं. कागद मिळाला तरी अंतराचा प्रश्न उरतोच, आणि इथेच लोक फसतात. बंदुकीचा 'पल्ला' म्हणून दुकानदार जो आकडा सांगतो तो नेम धरण्याचा असतो, गोळी थांबण्याचा नाही. साध्या पॉइंट बावीसच्या गोळ्यांच्या खोक्यावर दीड मैलापर्यंत धोका असल्याचा इशारा असतो. म्हणजे जवळपास अडीच किलोमीटर. गोडादऱ्यातून सुटलेली गोळी पर्वत पाटियाला पोहोचेल. तीनशे पंधराची रायफल त्याहून लांब मारते. बारा बोअरच्या काडतुसातले मोठे छर्रे पाचशे मीटर पार करू शकतात, आणि सगळे एका रेषेत जात नाहीत. जनावराला दोन लागले तर बाकीचे पुढे निघून जातात. खडकावर, ओल्या सपाट जमिनीवर आपटलेली गोळी दिशा बदलते. म्हणून पावलं मोजून उपयोग नाही. जनावराच्या मागे गोळी गिळेल असा मातीचा उंच बांध किंवा टेकडी नसेल, तर झाडायचं नाही. खानदेशातल्या सपाट कपाशीत असा आडोसा क्वचितच मिळतो. कपाशीची ओळ, तुरीचं पीक, पत्र्याचं शेड यांना आडोसा समजू नका. रात्री तर पलीकडच्या मळ्यात कोण राखणीला झोपलंय हेही दिसत नाही. २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरजवळ बोरशेतीच्या जंगलात डुकराच्या शिकारीला गेलेल्या गावकऱ्यांपैकी एकाने डुक्कर समजून सोबत्यावरच गोळी झाडली. तो मेला, प्रेत लपवलं गेलं, आणि त्यातले काही जण पोलीस कोठडीत गेले.

निष्काळजीपणे गोळी झाडली, तर कोणाला लागली नाही तरी शस्त्र कायद्याखाली २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. माणूस दगावला तर भारतीय न्याय संहितेखाली ५ वर्षांपर्यंत. वकिलाचा खर्च वेगळा.

तरीही परवाना हवाच असेल तर नीट ऐका. सुरत शहरात राहणाऱ्याने अर्ज पोलीस आयुक्तालयात करायचा, गावी राहणाऱ्या भावाने त्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. वय किमान २१. कागद: ए-१ नमुन्यातला अर्ज, आधार, पत्त्याचा आणि जन्मतारखेचा पुरावा, फोटो, शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचा डॉक्टरी दाखला, हत्यार चालवण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. मग पोलीस चौकशी. पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद कायद्यात आहे, पण शेत खरंच तुमचं आहे आणि उपद्रव आहे हे दाखवावं लागतं.

सरकारी शुल्क हा खर्चाचा लहान भाग. दाखला, प्रशिक्षण, कुलपाचं लोखंडी कपाट, काडतुसं, निवडणूक आली की हत्यार जमा करण्याच्या फेऱ्या, आणि ५ वर्षांनी नूतनीकरण हे सगळं धरा. आणखी दोन खाचाखोचा. परवाना गुजरातपुरता असेल तर नवापूरजवळ राज्याची हद्द ओलांडताच ती बंदूक बेकायदा. आणि तुमची बंदूक गावी भावाकडे ठेवून परत येता येत नाही. एजंट "नागालँडचा परवाना आठवड्यात" म्हणाला तर तिथूनच उठा. असे खोट्या पत्त्यांचे परवाने घेतलेल्यांना गुजरात एटीएसने २०२५ मध्ये पकडलं आहे. विनापरवाना हत्यार सापडलं तर २ ते ५ वर्षं. छर्ऱ्याच्या हलक्या एअरगनला परवाना लागत नसला, तरी तिने हरीण मारलं तर गुन्हा तोच.

माझ्या मते पैसा आणि वेळ भरपाईच्या अर्जावर घाला. महाराष्ट्रात हरीण, सांबर, रोही, रानडुक्कर, रानगवा, माकड यांनी केलेल्या पीकनुकसानीची भरपाई वनखातं देतं. अर्जाला शुल्क नाही. नुकसान झाल्यापासून ३ दिवसांत जवळच्या वनरक्षकाला किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला कळवायचं आणि पोच घ्यायची. हेल्पलाइन १९२६. सातबारा गोडादऱ्यात बसून निघतो, डिजिटल सहीचा, १५ रुपयांत. सोबत आठ-अ, आधार, बँक पासबुक, तुडवलेल्या पिकाचे आणि खुरांच्या ठशांचे फोटो. पंचनाम्याआधी शेत नांगरू नका. सातबाऱ्यावर चार भावांची नावं असतील तर बाकीच्यांची संमती आधीच लिहून ठेवा. गोडादऱ्यातल्यांचे अर्ज याच मुद्द्यावर अडू शकतात, कारण एक भाऊ इथे, एक पुण्याला. पंचनाम्याला पैसे मागितले तर देऊ नका, लेखी तक्रार करा.

पीक विम्यात २०२६ च्या खरिपापासून वन्यप्राण्यांच्या नुकसानीचं संरक्षण आणल्याची घोषणा केंद्राने केली आहे. कळवायची मुदत ७२ तास. हप्ता भरताना तुमच्या तालुक्यात आणि पिकाला ते लागू आहे का, हे विचारून घ्या.

कुंपणासाठी सौर झटका मशीन. जंगलालगतच्या पात्र गावांना श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यात कमी असेल तेवढं अनुदान मिळतं. तुमचं गाव यादीत आहे का ते वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. कोटेशन घेताना मशीन, बॅटरी, पॅनल, तार आणि अर्थिंग यांचे दर वेगळे लिहून घ्या, कारण 'पूर्ण सेट' म्हणून सांगितलेल्या भावात तार बहुधा नसते. आणि कुंपणाला घरची चालू वीज कधीही जोडू देऊ नका, एका रात्रीपुरतीही नाही. त्या तारेला आधी तुमचाच सालदार चिकटतो.