मुलाचा ताप आणि घड्याळ



ऑगस्ट 2009 मध्ये पुणे शहरात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला. ती शाळकरी मुलगी होती. मग नायडू रुग्णालयापुढे तपासणीला रांगाच रांगा लागल्या. खरी गरज कोणाला, हे ओळखायचे कसे?

आमचे म्हणणे, नुसत्या थर्मामीटरवर जाऊ नये. 102 ताप असून पोर खेळतंय, पाणी पितंय, तर घाबरू नका. 100 च आहे पण मलूल पडलंय, तर थांबू नका. मूल शांत असताना सदरा वर करा, पोटाची हालचाल बघत घड्याळावर पुरते एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत 60, वर्षाच्या आत 50, पुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त भरले, की आरोग्य केंद्र गाठा. पीत नाही, सगळं ओकतंय, झटका आला, तरी तेच. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला तरी दवाखाना. ऊसतोडीच्या कोप्यांवरही हे जरूर सांगा.

डेंगीत ताप उतरल्यावरच खरा धोका असतो. पोट फार दुखले, हातपाय गार पडले, तर लगेच न्यावे. गोधडीत गुंडाळू नये. पॅरासिटामॉल वजनाच्या हिशेबाने द्यावी, ॲस्पिरिन मुळीच नको.