पेटी बघ, गेम मोजू नकोस

अगं, फोनवर मी हसले म्हणून रागावू नकोस. कॉलेजजवळच्या तुझ्या नाश्त्याच्या दुकानात जुनं व्हिडिओ गेमचं मशीन ठेवायचं, ही कल्पना मला मनापासून आवडलीय. एकेकाळी रुपया-रुपया जमवून ‘मुस्तफा’ खेळणारी पोरं आता बाप झालीत. आपल्या लेकरांना ते मशीन दाखवायला ती नक्की येतील. (‘मुस्तफा’ म्हणजे कॅपकॉमचा १९९३ सालचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. पिवळ्या टोपीवाल्या गड्याच्या नावानं आपल्याकडं त्याचं बारसं झालं.) तेव्हा घे. फक्त विकणारा पहिल्यांदा म्हणेल, “ताई, यात हजार गेम आहेत!” त्या वाक्याला भुलू नकोस.

का, ते सांगते. गेमचा बोर्ड ही त्या मशीनमधली सगळ्यात सहज बदलता येणारी वस्तू आहे. ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांनी ‘जामा’ नावाची एकच जोडणी ठरवून घेतली. एका बाजूला २८ आणि दुसऱ्या बाजूला २८ अशा ५६ पिना. त्यामुळं त्या जोडणीचा कुठलाही बोर्ड त्याच पेटीत बसतो. आज लावलेला आवडला नाही तर पुण्याच्या तपकीर गल्लीत, हैदराबादच्या गुजराती गल्लीत नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला चौकशी कर, किंवा घरबसल्या मागव. पण पेटी वाळवीनं खाल्लेली निघाली, पिक्चर ट्यूब मेलेली निघाली, तर हजार गेम दाखवणार कुठं?

आणि ते हजारसुद्धा मोजून बघ. एकच गेम तीन-तीन नावांनी असतो: एक सोपा, एक अवघड, एक अमर्याद गोळ्यांचा. ‘साठ गेम’वाला बोर्ड मिळतो, त्यात पॅकमॅन, गॅलागा असे जुने गेम आहेत. त्यातले बहुतेक उभ्या पडद्यासाठी बनलेत, मुस्तफाला मात्र आडवा पडदा लागतो. ‘स्ट्रीट फायटर’ हवा असेल तर प्रत्येक खेळाडूला सहा बटणं लागतात. जामाच्या मूळ जोडणीत तीनच येतात, बाकीच्यांची वायर वेगळी ओढावी लागते. म्हणून तुझ्या दुकानात कुठले दहा गेम चालतील ते आधी ठरव, मग पेटी शोध. एक गोष्ट कानात सांगते, असे बहुतेक बोर्ड मूळ कंपन्यांच्या परवानगीशिवाय बनलेले असतात. धंद्यात वापरताना हे माहीत असू दे.

बघायला जाशील तेव्हा आधीच फोन करून सांग, मशीन चालू करून ठेवू नका. थंड मशीन तुझ्यासमोर चालू झालं पाहिजे आणि तासभर चाललं पाहिजे. तापल्यावर चित्र आक्रसतं का, थरथरतं का, लाल रंग उडतो का, ते बघ. मग बंद करून काळ्या पडद्यावर तिरपं बघ. वर्षानुवर्षं एकच गेम चालला असेल तर त्याची अक्षरं काचेवर कायमची उमटलेली दिसतात. मागचं दार उघडायला लाव. चावी हरवलीय म्हणाला तर घाई नाही म्हणावं, चावी सापडल्यावर येते. तळाची फळी नखानं टोचून बघ, ओल लागून फुगलेली नको. आपल्या सोलापूरच्या गड्डा जत्रेत उभं राहिलेलं मशीन असेल तर होम मैदानाची धूळ आत थरानं बसलेली असेल. धुळीला घाबरू नकोस, ती निघते. घाबरायचं ते ठिकठिकाणी चिकटपट्टी लावलेल्या वायरिंगला.

दुकानाच्या दाराची रुंदी मोजूनच जा. आणताना टेम्पोत मशीन उभंच ठेव. आडवं टाकलं आणि ट्यूबची मागची बारीक मान मोडली, तर संपलं. अशा नव्या ट्यूबा आता मिळणं कठीण आहे.

दुकानात आणलं की लगेच प्लग लावू नकोस. आधी मागची पाटी वाच. जपानहून आलेली पेटी १०० व्होल्टची असू शकते, आपल्याकडं २३० आहेत. एका सेकंदात सप्लाय जळेल. पाटी जुळली की मल्टिमीटर काढ. दुरुस्तीचा पहिला नियम लक्षात ठेव: बोर्ड बिघडलाय असं सगळ्यात शेवटी म्हणायचं. बोर्डाला ५ व्होल्ट लागतात आणि ते बोर्डाच्या कडेवर मोजायचे, सप्लायवर नाही. कडेवर ४.९ ते ५.१ मिळाले तर ठीक. सप्लायवर पाच आणि कडेवर साडेचार दिसले, तर वायर नाहीतर काळवंडलेल्या पिना व्होल्टेज खातायत. गेम मध्येच आपोआप पहिल्यापासून सुरू होतो, त्याचं कारण बऱ्याचदा इथंच असतं. पिना साध्या खोडरबरानं घास आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पूस. बोर्ड परत लावताना बाजू दोनदा बघ, उलटा बसला तर जळतो.

बटणं आणि जॉयस्टिक तू स्वतः करशील. प्रत्येकाखाली छोटा मायक्रोस्विच असतो. ‘टिक’ ऐकू येत नसेल तर बदल. तीन पायांपैकी ‘कॉमन’ आणि ‘नॉर्मली ओपन’ एवढेच दोन वापरायचे.

पण ट्यूबच्या मागं हात घालायचा नाही. तिथं वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काचेत साठून राहतो. ते काम जुन्या टीव्ही मेकॅनिकचं. आपल्याकडं असे काका अजून आहेत. त्यांच्याकडून पडद्याच्या किटमधले ड्राय सोल्डर पक्के करून आणि फुगलेले कपॅसिटर बदलून घे. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो का, तेही त्यांनाच विचार. लागलाच तर पूर्व भागात यंत्रमागाच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्यांकडे चौकशी कर. ट्यूब अगदीच गेली असेल तर जुना चौकोनी एलसीडी मॉनिटर बसव. त्यासाठी व्हीजीए आउटपुट असलेला बोर्ड निवड, म्हणजे वेगळा कन्व्हर्टर लागत नाही.

अर्थिंगवर मात्र एक रुपयाही वाचवू नकोस. नाणं टाकायचं दार लोखंडी असतं, पोरं ओल्या हातांनी त्याला टेकतात. तीन पिनांचा प्लग, खरं अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, एवढं झाल्याशिवाय एकाही लेकराला हात लावू देऊ नकोस. मे महिन्यात मशीन भिंतीपासून वीतभर पुढं ओढून ठेव, मागून हवा खेळली पाहिजे.

नाण्याची गंमत ऐक. जुन्या रुपयाचा व्यास २५ मिलिमीटर होता, २०११ पासूनचा सुमारे २२ आहे. पेटीतलं यंत्र आत ठेवलेल्या नमुन्याच्या नाण्याशी जुळवून बघतं, म्हणून एक रुपया घेतं आणि दुसरा थुंकतं. सरळ टोकन कर. गल्ल्यावर पैसे तुझ्या हातात येतील आणि हिशेब स्वच्छ राहील.

आता थोडं कडू. पॉइंट जिंकले की पैसे परत, असलं मशीन कुणी गळ्यात मारायला बघेल, कमाई जास्त म्हणून. ते जुगारात मोडतं, १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे. साध्या गेमसाठीसुद्धा परवाना काय लागतो ते महापालिकेत आणि पोलीस आयुक्तालयात आधी विचार, आणि उत्तर लेखी घे.

शेवटचं. सोबत दादाला ने, पण विकणारा त्याच्याकडे बघून बोलायला लागला की मल्टिमीटर तू काढ. ५ व्होल्ट कुठं मोजू, हे तू विचारलंस की भाव आपोआप खाली येतो. बयाणा देण्याआधी कागदावर तीन आकडे लिही: पेटीचे, पडद्याचे आणि विजेच्या कामाचे. उरतील त्या पैशांत गेम.