थोड्या नोंदींवरून विहिरीच्या पाण्याचा अंदाज

उन्हाळी पीक घ्यावे की नाही, हे विहिरीच्या पाण्यावर ठरते. परंतु पाण्याच्या पुष्कळ वर्षांच्या नोंदी बहुतेक गावांत नसतात. अशा वेळी उपयोगी पडणारी एक गणिती रीत चीनमधील वुहान येथील प्राध्यापक देंग जुलाँग यांनी १९८२ साली मांडली. जिची सर्व माहिती आहे ती व्यवस्था पांढरी, जिची काहीच माहिती नाही ती काळी आणि जिची अर्धवट माहिती आहे ती करडी, असे ते मानीत. आपली विहीर या अर्थाने करडीच होय.

समजा, दर वर्षी ३१ मे रोजी काठापासून पाण्यापर्यंतची खोली मोजली व ती चार वर्षांत अनुक्रमे २०, २२, २४ व २७ फूट भरली.

१. प्रथम चढती बेरीज करावी : २०, ४२, ६६, ९३. वार्षिक आकड्यांतील चढउतार बेरजेत पुष्कळसे झाकले जातात व कल स्पष्ट होतो.

२. लगतच्या दोन-दोन बेरजांची सरासरी काढावी : ३१, ५४, ७९.५. तिच्यासमोर त्या त्या वर्षाची खोली लिहावी : २२, २४, २७.

३. बेरीज ज्या वेगाने वाढते तो वेग खुद्द बेरजेवर अवलंबून असतो, असे मानून अवकल समीकरण मांडतात. वरील जोड्यांशी अधिकांत अधिक जुळणारे समीकरण असे येते : वेग = १८.६७ + ०.१०३४ × बेरीज.

४. ते सोडविले असता चौथ्या वर्षाची बेरीज ९२.९ व पाचव्या वर्षाची १२२.७ येते. वजाबाकी २९.८, म्हणजे पुढील मे महिन्यात पाणी सुमारे ३० फूट खोल जाईल. विहीर ३२ फुटांची असल्यास तळाशी दोनच फूट पाणी उरेल. अशा विहिरीच्या भरवशावर उन्हाळी भुईमूग पेरणे धोक्याचे आहे.

या रीतीस निदान चार नोंदी लागतात व त्या सारख्या अंतराने घेतलेल्या असाव्या लागतात. समीकरणास पाऊस कळत नाही. मागील कल तसाच चालेल, एवढेच ते धरून चालते. अवर्षण पडले, शेजारी नवी कूपनलिका झाली किंवा नाल्यावर बंधारा बांधला गेला, तर अंदाज चुकेल. म्हणून ऑक्टोबरात पाणी पुन्हा मोजून मगच पिकाचा निर्णय घ्यावा. दर वर्षी नवी नोंद घालून सर्वांत जुनी वगळावी.

आकडेमोड तालुक्याच्या ठिकाणी संगणकावर करून घेता येईल. ठरलेल्या दिवशी, त्याच विहिरीत, काठावरील त्याच खुणेपासून मोजणी करण्याचे काम मात्र ग्राम कार्यकर्त्याने व शेतकऱ्याने मिळून गावातच करावयाचे आहे.